टोकियोला जातोय, तिसरीतल्या मुलाला कुठल्या शाळेत घालू?

लालबागची आई

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

मिस्टरांची टोकियोला बदली झालीय. कागदावर तीन वर्षं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचंय. मुलाला ऑगस्टमध्ये आठ पूर्ण झाली, दादरला मराठी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. आम्ही दोघंही मराठी शाळेतलेच. त्याला मराठी शाळेत घातलं तेव्हा बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने विचारलं होतं, का म्हणून. आम्ही ठाम राहिलो. त्यामुळे आता जे काही ठरवू ते जास्त जड जातंय.

आतापर्यंत जे कळलं ते असं. अमेरिकन, ब्रिटिश पद्धतीच्या इंटरनॅशनल शाळांची फी वर्षाला वीस ते तीस लाख येनच्या घरात जाते. कंपनी घरभाडं देतेय, शाळेची फी नाही, म्हणजे तो दरवाजा बंद. उरल्या भारतीय शाळा, जिथे सीबीएसई आहे, आणि तिथली सरकारी जपानी शाळा, जिला फी नाही. तिसरा मार्ग सासूबाईंचा. त्या म्हणतात, 'त्याला इथेच ठेवा, मी बघते.' त्या अडुसष्टच्या आहेत, गुडघे दुखतात, पण मनापासून म्हणतात. तो झोपतो त्यांच्याचजवळ.

मुलगा बुजरा आहे. पहिलीत दोन महिने बाईंशी एक शब्द बोलला नव्हता. गणित मात्र आवडतं, सव्वीसपर्यंत पाढे येतात. इंग्रजी जेमतेम, वाचता येतं पण बोलत नाही.

मला तीन गोष्टींची भीती वाटते. तो तिथे मुका होऊन बसेल का? परत आल्यावर त्याला कोण, कुठल्या वर्गात घेईल? आणि त्याचं मराठी? ज्यांची मुलं खरंच तिथे शिकली आहेत त्यांनी कृपया लिहा. हातात दोन-अडीच महिने आहेत.

---

ठाणे पश्चिम

आमची दोन मुलं टोकियोत भारतीय शाळेत होती, मोठा पाचवी ते सातवी, धाकटी पहिली ते तिसरी. तुमची तीन वर्षं खरोखर तीनच असतील तर मी डोळे झाकून भारतीय शाळा सांगेन.

इंडिया इंटरनॅशनल स्कूल इन जपान २००४ पासून आहे, कोतो वॉर्डात सुरू झाली, नंतर योकोहामालाही निघाली. दुसरी ग्लोबल इंडियन इंटरनॅशनल स्कूल, तिचं टोकियो कॅम्पस २००६ चं. फी त्या मोठ्या इंटरनॅशनल शाळांपेक्षा बरीच कमी असते, पण फुकट नाही, बस आणि प्रवेशाचे पैसे वेगळे. सीबीएसई असल्यामुळे परत आल्यावर ठाण्यात एका दिवसात प्रवेश झाला, पुस्तकं तीच, धडाही जवळपास तोच चालू होता. मोठ्याचं एक आठवडासुद्धा नुकसान झालं नाही.

दोन गोष्टी मात्र सांगतो. एक, वर्गातली मुलं सारखी बदलतात. कोणाच्या वडिलांचं प्रोजेक्ट संपलं की मूल गेलं. धाकटीची जिवलग मैत्रीण दर वर्षी निघून जायची, तिसऱ्या वर्षी तिने नवी केलीच नाही. दुसरी गोष्ट, सगळं शिक्षण इंग्रजीतून. तुमचा मुलगा मराठी माध्यमातून येतोय, म्हणजे भाषेचा डोंगर तिथेही आहेच, फक्त जपानीऐवजी इंग्रजीचा. मराठी विषय आमच्या शाळेत नव्हता. आणि तीन वर्षं जपानमध्ये राहून मुलांना दुकानात काय हवं ते मागण्यापुरतीच जपानी आली. ह्याचं मला आजही वाईट वाटतं.

---

गिरगाव ते निशिकासाई

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. २०१३ च्या मार्चमध्ये मी हेच सगळे प्रश्न घेऊन विमानात बसले होते. माझी मुलगी सहा वर्षांची होती. एदोगावा वॉर्डात निशिकासाईला घर घेतलं, आणि चार वर्षं ती घरापासून आठ मिनिटांवरच्या सरकारी जपानी शाळेत गेली. २०१७ ला परत आलो, तिने इथे पाचवीत प्रवेश घेतला. आता ती कॉलेजात आहे. खाली जे लिहितेय ते तिला विचारून लिहितेय, कारण काही गोष्टी मला आई म्हणून दिसल्याच नव्हत्या.

आधी कोरडी माहिती. परदेशी मुलांना तिथे शाळा सक्तीची नाही, पण आपण मागितली तर नाकारत नाहीत. फी नाही, पाठ्यपुस्तकं फुकट. उतरल्यावर विमानतळावर झायर्यू कार्ड, म्हणजे तिथे राहण्याचं ओळखपत्र, मिळतं, ते घेऊन घर पक्कं झाल्यापासून चौदा दिवसांत वॉर्ड ऑफिसात, म्हणजे कुयाकुशोत, पत्ता नोंदवायचा. तिथेच शिक्षण विभागात सांगायचं की मुलाला शाळा हवी. शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घर शोधताना आधी शाळा बघा, मग घर. काही शाळांमध्ये परदेशी मुलांसाठी जपानीचा वेगळा वर्ग असतो, सगळ्यांत नसतो. हे वॉर्ड ऑफिसात आधी विचारून मग घराचा करार करा. स्टेशन दहा मिनिटं लांब पडलं तर पडू दे.

वर्ग वयावर ठरतो, हुशारीवर नाही. २ एप्रिल ते पुढच्या वर्षाची १ एप्रिल असा त्यांचा जन्मतारखांचा हिशेब आहे. तुमचा मुलगा इथे तिसरीत असला तरी तिथे दुसरीत बसेल, आणि एप्रिलमध्ये तिसरीत जाईल. ह्यावरून वाद घालू नका, वाईट वाटून घेऊ नका, उलट हे तुमच्या फायद्याचं आहे. बरेच जण म्हणतील, एप्रिलपर्यंत थांबा, नव्या वर्षाला घाला. मी म्हणेन जानेवारीतच घाला. दुसरीचे शेवटचे अडीच महिने त्याला फक्त बघायला मिळतील: चपला कुठे काढायच्या, जेवण कसं वाढायचं, बाईंना हाक कशी मारायची. एप्रिलमध्ये मग तो नवा राहणार नाही.

आता कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं. पहिलीत ८०, दुसरीत १६०, म्हणजे तुमचा मुलगा जाईल तेव्हा वर्गातल्या मुलांची २४० होत आलेली असतील. तिसरीत आणखी २००. आत्तापासून जानेवारीपर्यंत कांजीच्या मागे लागू नका. हिरागाना आणि काताकाना ह्या उच्चाराप्रमाणे लिहायच्या दोन लिप्या मात्र पक्क्या करून न्या, प्रत्येकी ४६ अक्षरं आहेत. बाराखडी शिकलेल्या मुलाला ते अवघड नाही, का, कि, कु, के, को अशीच ओळ आहे. माझ्या मुलीने फ्रीजवर तक्ता लावून तीन आठवड्यांत केलं होतं.

तुम्ही 'मुका होऊन बसेल का' असं विचारलंत. खरं सांगते, बसेल. माझी मुलगी पाच महिने वर्गात बोलली नाही. घरी यायची, रान्दोसेरु, म्हणजे ते पाठीवरचं कडक दप्तर, दारात काढायची आणि तासभर सलग मराठीत बोलायची, जणू तोंडावरची पट्टी निघाली. मी तेव्हा घाबरले होते. आज ती म्हणते, 'आई, मी मुकी नव्हते, मी ऐकत होते.' पावसाळ्यानंतर एका दिवशी शेजारच्या मुलीशी ती कठड्यावर उभी राहून भांडली, अस्सल जपानीत. भांडता यायला लागलं की समजा भाषा आली. पण ही खेळायची भाषा. पुस्तकातली भाषा यायला दोन वर्षांच्या वर गेली. गणिताचं शाब्दिक उदाहरण तिला तिसरीच्या मध्यावर स्वतःहून वाचता आलं. म्हणजे तुमच्या तीन वर्षांत मुलगा जेमतेम तिथवर पोचेल आणि तुम्ही निघाल. हे आधीच मनाशी धरा, नाहीतर त्याच्यावर राग निघतो. माझा निघायचा.

पण वर्गात तिला खरं सावरलं ते पुढच्या वर्षी, पाढ्यांनी. म्हणून तुमचे सव्वीसपर्यंतचे पाढे वाचून मला इतका आनंद झाला! जपानमध्ये पाढे दुसरीत असतात, नऊ नवे एक्क्याऐंशीपर्यंतच, त्याला कुकु म्हणतात. आपलं 'बे एके बे' तसं त्यांचं 'नि इचि गा नि', अगदी आपल्यासारखंच चालीवर. प्रत्येक पाढा बाईंसमोर म्हणून दाखवायचा आणि कार्डावर शिक्का घ्यायचा. माझी मुलगी दुसरीत गेली तोवर तिला इथले बारापर्यंतचे पाढे आजीकडून येत होते. तिला फक्त शब्द बदलायचे होते, उत्तरं तोंडात तयार होती. तिचं कार्ड वर्गात दुसऱ्या नंबरला भरलं. त्या दिवशी चार मुलं तिच्या बाकाभोवती आली आणि म्हणाली, तुझ्या भाषेत म्हणून दाखव. तिने तिथे, एदोगावाच्या शाळेत, 'बारा एके बारा' म्हटलं. तेव्हापासून ती वर्गातली झाली. तुमच्या मुलाचे पाढे सुटू देऊ नका.

शाळेची तयारी हे आईचं मोठं काम आहे, त्याची कोणी कल्पना देत नाही. पहिलीत गणिताचा एक डबा मिळतो, त्यात मोजायच्या चकत्या, काड्या, छोटे पत्ते, घड्याळ. त्यातल्या प्रत्येक वस्तूवर नाव. डब्यावर नाही, प्रत्येक चकतीवर. नखाएवढ्या चकतीवर काताकानात आमचं आडनाव. आमच्या आडनावात ळ आहे, आणि जपानीत ना ळ आहे ना ल, सगळ्याचा र होतो. रात्री अकराला मी चिमट्याने लेबल चिकटवत होते आणि प्रत्येक चकतीवर आमचं नाव थोडं थोडं परकं होत होतं. शाळा दोन झोकिनही मागते, म्हणजे फरशी पुसायची शिवलेली फडकी. मुलं रोज वर्ग स्वतः झाडतात, पुसतात, जेवण पांढरा कोट आणि टोपी घालून स्वतः वाढतात. एक रेनराकुचो नावाची वही असते, घर आणि शाळेमधली, त्यात बाई रोज हाताने लिहितात आणि आपण सही करायची. मिस्टर रात्री नऊला यायचे, ती वही माझीच होती. बाईंना मी पहिल्याच आठवड्यात चिठ्ठी दिली की मला कांजी येत नाही. त्या दुसऱ्या दिवसापासून चार वर्षांत भेटलेल्या प्रत्येक बाईंनी माझ्यासाठी हिरागानात लिहिलं.

जेवणाचं विचारतील. महिन्याचा तक्ता आधी घरी येतो. डुक्कर आणि बीफ दोन्ही असतं, भाजीतही बरेचदा माशाचा अर्क असतो. तुम्ही लालबागच्या, मासे खात असाल तर निम्मी अडचण संपली. जे नको ते तक्त्यावर खूण करून शाळेत बोलायचं, आम्ही त्या दिवशी घरचा डबा द्यायचो आणि शाळेची हरकत नव्हती. आमच्या वेळी जेवणाचे महिन्याला चारेक हजार येन जायचे, आता टोकियोतल्या बऱ्याच वॉर्डांनी ते फुकट केलंय.

आता जे सांगायला मी मुळात लिहायला बसले ते.

पहिल्या वर्षी मला तिथल्या एका जुन्या भारतीय बाईंनी सांगितलं की घरीही जपानी आणि इंग्रजीच बोला, म्हणजे मुलगी लवकर रुळेल. मी ऐकलं. सात-आठ महिन्यांत माझी मुलगी 'शाळा'ला 'शारा' म्हणायला लागली. आम्ही कौतुकाने हसायचो. मग दिवाळीला माझी आई स्काइपवर आली, गिरगावातून. तिने विचारलं, 'फराळाचं काय काय केलंत गं?' मुलगी जपानीत बोलायला लागली. तिला वाटत होतं ती मराठीच बोलतेय. आई काहीच बोलली नाही. स्क्रीनवर नुसती बघत राहिली, मग म्हणाली, 'नीट ऐकू येत नाहीये, नेट खराब दिसतंय.' नेट चांगलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात फक्त मराठी. टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे, तिथले संध्याकाळचे साडेसात म्हणजे गिरगावात चार, आईची चहाची वेळ. रोज साडेसातला स्काइप. आईकडे बालभारतीचं एक पुस्तक, आमच्याकडे तेच. एक परिच्छेद आजी वाचणार, एक नात. पहिले दोन महिने रडारड झाली, पुस्तक फेकून झालं. आईने एकदाही दांडी मारली नाही. जोडाक्षरं आईने शिकवली, ळ आईने परत आणला, 'काळ्या मातीत', 'कावळा', 'सकाळ' असे शब्द रोज वीसदा म्हणवून घेऊन. चार वर्षांनी परत आलो तेव्हा मुलगी इथल्या पाचवीचं मराठी पुस्तक वाचू शकत होती, ते माझ्यामुळे नाही, माझ्या आईमुळे.

म्हणून तुमच्या सासूबाईंना मुलगा इथे ठेवायची गरज नाही, पण त्यांची गरज मुलाला आहे, तीसुद्धा रोज. त्यांना आत्ताच टॅब घेऊन द्या, व्हिडिओ कॉल लावायला शिकवा आणि चौथीची पुस्तकं त्यांच्या हातात द्या. मुलाला आई-वडिलांपासून तोडून इथे ठेवू नका, मी हात जोडून सांगते. आठ वर्षांचं मूल आहे.

आणि ठरवायचं कसं ते. रोज संध्याकाळी एक तास, शनिवार-रविवार धरून, तुम्ही मराठी आणि इथलं गणित घेऊ शकणार असाल तर जपानी शाळेत घाला. नसाल तर भारतीय शाळेत घाला आणि त्यात कमीपणा मानू नका. जपानी शाळा आणि घरी काहीच नाही, हा मार्ग मी दोन घरांत पाहिला. त्या मुलांचं जपानीही अर्धं राहिलं आणि मराठीही.

मिस्टरांना एकदा नीट बसवून विचारा, तीन म्हणजे तीनच का. तिथे तीनाची सहा होतात. जपानी शाळेतून सहावीनंतर निघणं जड जातं, आणि नववीनंतर तिथे हायस्कूलची प्रवेश परीक्षा असते, ती तिथल्याच मुलांचा घाम काढते. सहावीच्या आत परतायचं किंवा तिथलेच व्हायचं. मधे लटकलेली मुलं फार सोसतात.

परत आल्यावरचं एक सांगते, मग थांबते. मुंबईतल्या तिच्या नव्या शाळेत पहिल्याच दिवशी डबा खाऊन झाल्यावर ती उठली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि बाकांखालचे खरकटे कण झाडायला लागली. मुलं हसली. एकजण म्हणाला, 'ही कामवाली आहे का?' वर्गावरच्या बाई म्हणाल्या, 'खाली बस, मावशी येतील.' ती घरी येऊन म्हणाली, 'आई, माझं काय चुकलं?' मला उत्तर देता आलं नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन भांडायला हवं होतं. गेले नाही, कारण प्रवेशासाठी तीन चकरा मारून झाल्या होत्या आणि मला वाद नको होता. ह्या एका गोष्टीचा पश्चात्ताप आहे. तुम्ही परत याल तेव्हा तुमचा मुलगाही झाडू उचलेल. तेव्हा त्याच्या बाजूने उभ्या राहा.

---

परळच्या बाई

मी तेहतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका होते. परतीचं मी सांगते, कारण परदेशातून आलेली बरीच मुलं माझ्या टेबलासमोर उभी राहिली आहेत.

शाळा सोडल्याचा दाखला निघायच्या आठवड्यात नव्हे, डिसेंबरच्या सुरुवातीलाच मागा. त्यावरचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. आपल्याकडे पासपोर्टवर मुलाच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं, दाखल्यावर वेगळी मांडणी असते, आणि परतल्यावर ह्याच एका ओळीवरून पालक हेलपाटे घालतात. पहिल्या सत्राचं प्रगतिपुस्तक सोबत ठेवा. तिथून निघताना तिथल्या शाळेकडून शाळेत शिकत असल्याचं पत्र आणि सगळी प्रगतिपुस्तकं घ्या, आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर तिथेच करून आणा. इथे जपानी वाचणारा माणूस शोधणं महागात पडतं.

वर्गाची भीती नको. शिक्षण हक्क कायद्यात वयानुरूप वर्गाची तरतूद आहे. तिथे तो एक वर्ग मागे दिसला तरी इथे वय बघून घेता येतं. मराठीचं म्हणाल तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालंय. म्हणजे सीबीएसईत घातलंत तरी मराठी लागणारच. ते राखलंत तर मूल परतल्यावर कुठल्याही शाळेत ताठ मानेने बसेल. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात, सगळा गठ्ठा नेऊ नका. मराठीचं पुस्तक मात्र छापील न्या. मुलाने त्यावर बोट ठेवून वाचायला हवं.

आणखी एक, गणिताच्या आवडीबद्दल. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'त्रेसष्ट'सोबत 'साठ तीन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जपानी मुलं अशीच मोजतात, 'सहा दहा तीन'. तुमच्या मुलाला तिथली संख्यावाचनं दोन दिवसांत येतील. पण घरी 'त्रेसष्ट', 'एकोणऐंशी', 'सदुसष्ट' म्हणवून घ्या, कारण मराठी मुलांचे हेच शब्द सगळ्यात आधी गळतात. मी हे पाहिलंय. गिरगावच्या ताईंनी आईबद्दल लिहिलंय ते वाचून डोळे भरून आले. अशी आजी घरात असताना तुम्ही कसली काळजी करता!

---

कल्याणचा बाबा

घराचं दोन ओळीत. युआर नावाची निमसरकारी घरं बघा, त्यांना जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला द्यायची ती परत न मिळणारी 'की मनी' नाही. निशिकासाई, कासाई भागात ती आहेत आणि आपली माणसंही भरपूर, तोझाई लाइनवर. मराठी मंडळही आहे टोकियोत, गणपतीला मुलाला घेऊन जा.

आणि ताई, आपल्या माणसाला जपानी लोक आपलं म्हणतात का, ही शंका मला होती. अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक २०१९ ला त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आले. पुढे इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे प्राचार्य झाले. जपानी सरकारी शाळेचा प्राचार्य, आमच्याच लाइनवरचा माणूस! माझा मुलगा टोकियोत चौथीत आहे, हे वाचून त्याने भिंतीवर कात्रण लावलंय.

---

लालबागची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याचे दादा, तुमचं इंग्रजीच्या डोंगराचं म्हणणं आम्ही धरलंच नव्हतं. डोंगर दोन्हीकडे आहे हे कळल्यावर मिस्टर आणि मी काल बराच वेळ बोललो. त्यांनी ऑफिसात विचारलं, तीनाची चार होऊ शकतात, त्याहून जास्त नाही, असं लेखी मागितलंय. चार झाली तरी तो सहावी संपायच्या आतच येईल.

सासूबाईंना गिरगावच्या ताईंचं सगळं वाचून दाखवलं. 'नेट खराब दिसतंय' इथे आल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, 'मला चार वाजता जमेल, सप्ताह असेल त्या दिवशी साडेचार.' आज संध्याकाळी दोघांनी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत व्हिडिओ कॉल लावून पाहिला. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, सव्वीसचा पाढा जपानीत कसा म्हणतात ते आधी सांगा.

आम्ही जपानी शाळाच ठरवतोय. उद्या दाखल्याचा अर्ज देते.

ताई, एक विचारायचं राहिलं. ती झोकिन तिथे विकत मिळतात की शिवावी लागतात? सासूबाई म्हणतात त्यांच्याकडे जुनी सुती पातळं आहेत, चार पदरी करून धावदोरा घालून देते. चालेल का?

---

गिरगाव ते निशिकासाई

शंभर येनच्या दुकानात तयार मिळतात, पण घरी शिवलेली चालतात, आमच्या वर्गात बऱ्याच आया शिवायच्या. पातळ लवकर विरतं. आतून जुना टॉवेल घाला आणि वरून पातळ, साधारण वीतभर रुंद आणि दीड वीत लांब. मुलाच्या हाताखाली मावलं पाहिजे, ती मुलं गुडघ्यावर नव्हे, वाकून धावत फरशी पुसतात. एका कोपऱ्याला अडकवायला नाडीचा फास ठेवा आणि नाव वरच्या डाव्या कोपऱ्यात, दोऱ्याने. शाई धुऊन जाते.